विश्लेषण : एका चित्रपटासाठी २० वर्षे! अभिनेते रिचर्ड ॲटनबरो दिग्दर्शक कसे झाले?

अभिनयात उत्तम जम बसलेला असताना ब्रिटिश अभिनेते रिचर्ड ॲटनबरो यांनी ‘गांधी’ चित्रपटाचा ध्यास घेतला. तो पडद्यावर येईपर्यंत दोन दशके गेली. या काळात त्यांनी घर गहाण ठेवले, चित्रे विकली आणि लंडनच्या सर्वाधिक चाललेल्या नाटकातील आपला वाटाही सोडला. या ध्यासातून घडलेला दिग्दर्शक नेमका कसा होता?

महात्मा गांधींवर आजवर अनेक चित्रपट आले. तरीही जगभरातील कित्येकांच्या डोळ्यांसमोर उभे राहतात ते १९८२च्या ‘गांधी’मधले गांधीजी, म्हणजेच बेन किंग्जली. गांधी जयंती किंवा हुतात्मा दिन आला की या चित्रपटाची आठवण निघतेच. मात्र, तो बनवणारा माणूस मुळात दिग्दर्शक नव्हता. कॅमेऱ्यामागे उभे राहण्यापूर्वी पाव शतकाहून अधिक काळ तो कॅमेऱ्यासमोर उभा होता.

रिचर्ड ॲटनबरो कोण होते?

ॲटनबरो यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२३ रोजी केंब्रिजमध्ये झाला. वडील लेस्टर येथील युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. निसर्गविषयक माहितीपटांमुळे जगभर पोहोचलेले डेव्हिड ॲटनबरो हे त्यांचे धाकटे बंधू. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीतून आलेल्या दोन ज्यू मुलींना या कुटुंबाने आपल्या घरी ठेवून घेतले होते. अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या माणसांविषयीचे जे आकर्षण पुढे त्यांच्या चित्रपटांत वारंवार दिसते, त्याचे मूळ अनेक जण या संस्कारांत शोधतात.

लंडनच्या ‘राडा’ या प्रसिद्ध नाट्यशाळेत ते शिष्यवृत्तीवर शिकले. १९४२च्या ‘इन विच वुई सर्व्ह’ या युद्धपटात त्यांना पहिली भूमिका मिळाली. ऐन लढाईत घाबरून जागा सोडणाऱ्या तरुण खलाशाची ती छोटीशी भूमिका होती आणि श्रेयनामावलीत त्यांचे नावही नव्हते. त्यानंतर ते हवाई दलात दाखल झाले आणि दलाच्या चित्रपट विभागातही त्यांनी काम केले. बॉम्बफेकी विमानांतून प्रत्यक्ष मोहिमांचे चित्रीकरण करण्यासाठी ते स्वतःहून पुढे आले होते. कॅमेरा हाताळण्याचा हा त्यांचा पहिला अनुभव.

अभिनेता म्हणून त्यांची ओळख काय?

ग्रॅहम ग्रीन यांच्या कादंबरीवरील ‘ब्रायटन रॉक’मध्ये (१९४७) त्यांनी रंगवलेला कोवळ्या वयाचा निर्दयी गुंड पिंकी आजही ब्रिटिश चित्रपटांतील संस्मरणीय भूमिकांमध्ये गणला जातो. ‘द ग्रेट एस्केप’मध्ये (१९६३) जर्मनांच्या युद्धकैदी छावणीतून पलायनाची योजना आखणारा अधिकारी त्यांनी साकारला. १९६४मधील दोन चित्रपटांतील कामासाठी त्यांना ब्रिटनचा ‘बाफ्टा’ पुरस्कार मिळाला. ‘टेन रिलिंग्टन प्लेस’मध्ये (१९७१) त्यांनी उभा केलेला हळू आवाजात बोलणारा खुनी पाहताना आजही अंगावर काटा येतो.

भारतीय प्रेक्षकांना ते सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मुळेही (१९७७) आठवतील. अवधचे राज्य खालसा करण्याची कामगिरी सोपवलेला जनरल आऊट्रम त्यांनी त्यात रंगवला होता.

रंगभूमीवरील एका कामाचा उल्लेख मात्र वेगळ्या कारणासाठी करायला हवा. अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माऊसट्रॅप’ १९५२मध्ये लंडनमध्ये रंगमंचावर आले, तेव्हा पहिल्या संचात ॲटनबरो आणि त्यांच्या पत्नी शीला सिम होत्या. दोघांनी मानधनाचा काही भाग सोडून नाटकाच्या नफ्यातील दहा टक्के वाटा घेतला. हे नाटक पुढे अनेक दशके चालले. म्हणजे हा वाटा त्यांच्यासाठी आयुष्यभराची पेन्शनच होती.

मग ते कॅमेऱ्यामागे का गेले?

एकाच छापाच्या भूमिका वाट्याला येत असल्याने १९५०च्या दशकाअखेरीस ते अस्वस्थ होते. मित्र आणि लेखक-अभिनेते ब्रायन फोर्ब्स यांच्यासह १९५९मध्ये त्यांनी बीव्हर फिल्म्स ही निर्मिती संस्था सुरू केली. पहिला चित्रपट होता ‘द अँग्री सायलेन्स’ (१९६०). संपात सामील न होणाऱ्या आणि त्यापायी सहकाऱ्यांनी वाळीत टाकलेल्या कामगाराची ही गोष्ट. पैसे कमी असल्याने प्रमुख मंडळींनी मानधनाऐवजी नफ्यात वाटा घेण्याचे मान्य केले. माणसे जोडून, शब्दावर विश्वास ठेवायला लावून चित्रपट उभा करण्याची ही पद्धत पुढे ॲटनबरो यांच्या फार उपयोगी पडली.

तोपर्यंत ते अभिनेते आणि निर्माते होते. दिग्दर्शनाचा विचार शिरला तो १९६२मध्ये आलेल्या एका दूरध्वनीमुळे.

‘गांधी’ची कल्पना कोणाची?

तो दूरध्वनी होता मोतीलाल कोठारी यांचा. लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयात काम करणारे कोठारी गांधीजींच्या विचारांनी भारावलेले होते. महात्म्याच्या आयुष्यावर चित्रपट व्हावा, ही त्यांची इच्छा. लुई फिशर यांनी लिहिलेले गांधीचरित्र त्यांनी ॲटनबरो यांना वाचायला दिले. ते वाचल्यावर हा चित्रपट आपणच करायचा, असे ॲटनबरो यांनी ठरवले. तोवर त्यांनी एकही चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता.

लॉर्ड माऊंटबॅटन यांच्या मध्यस्थीने १९६३मध्ये ते पंडित नेहरूंना भेटले. गांधीजींना देव करू नका, ते त्याहून मोठे होते, अशा आशयाचा सल्ला नेहरूंनी दिल्याचे ॲटनबरो पुढे सांगत. मात्र, १९६४मध्ये नेहरूंचे निधन झाले. १९७०मध्ये कोठारीही गेले. मधल्या काळात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चे दिग्दर्शक डेव्हिड लीन यांचे नावही या विषयाशी जोडले गेले होते; पण तो चित्रपट झाला नाही. १९७५च्या आणीबाणीने योजना आणखी लांबली.

या काळात दिग्दर्शन कुठे शिकले?

प्रत्यक्ष काम करता करता. पहिला चित्रपट ‘ओह! व्हॉट अ लव्हली वॉर’ (१९६९) हा पहिल्या महायुद्धावरील उपरोधिक संगीतपट होता. नवख्या दिग्दर्शकाच्या या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए, जॉन गिलगुड, राल्फ रिचर्डसन, मॅगी स्मिथ असे दिग्गज होते. ऑलिव्हिए यांनी अत्यल्प मानधनात काम करण्याचे मान्य केले आणि मग इतरांना विचारणे सोपे झाले. हिरव्या टेकडीवर नजर पोहोचेल तिथपर्यंत पसरलेले पांढरे क्रूस, हा या चित्रपटाचा शेवट गाजला.

त्यानंतर तरुण चर्चिल यांच्यावरील ‘यंग विन्स्टन’ (१९७२) आणि दुसऱ्या महायुद्धातील फसलेल्या मोहिमेवरील ‘अ ब्रिज टू फार’ (१९७७) आले. दुसऱ्या चित्रपटाचे निर्माते जोसेफ लेव्हीन यांच्याकडून ‘गांधी’ला पाठबळ मिळेल, अशी आशा त्यामागे होती. ती फळली नाही. मात्र हजारो माणसांची दृश्ये, अनेक तारे आणि मोठे चित्रीकरण पथक एकाच वेळी सांभाळण्याचा सराव झाला.

पैसा कोठून आला? भारतात विरोध का झाला?

धोतर नेसलेल्या, हाती काठी घेतलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट कोण पाहणार, हा हॉलीवूडच्या स्टुडिओंचा सूर होता. अखेर ब्रिटनमधील गोल्डक्रेस्ट ही कंपनी, अन्य गुंतवणूकदार आणि भारताचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ यांच्या पैशांतून चित्रपट उभा राहिला. सुमारे २.२ कोटी डॉलर खर्चापैकी जवळपास एक तृतीयांश वाटा भारताचा होता.

देशात त्यावर टीका झाली. इथल्या दिग्दर्शकांना छोट्या चित्रपटांसाठी निधी मिळताना मारामार असताना सरकारी पैसा परदेशी माणसाला का, हा पहिला प्रश्न होता. राष्ट्रपित्याची गोष्ट ब्रिटिशाने का सांगावी, हा दुसरा. १९८०मध्ये सत्तेवर परतलेल्या इंदिरा गांधी यांनी मात्र प्रकल्पाला पाठिंबा दिला. पुढे चित्रपटाने चांगली कमाई केली आणि महामंडळाच्या नफ्यातून गरजू कलावंतांसाठी कल्याण निधीही उभा राहिला.

तरीही पैसे कमी पडतच होते. ‘माऊसट्रॅप’मधील वाट्याचा काही भाग ॲटनबरो यांनी आधी एका उपाहारगृहासाठी विकला होता. उरलेला वाटा त्यांनी ‘गांधी’ तगवण्यासाठी विकला. आयुष्यभराची पेन्शन अशी एका चित्रपटात गेली.

चित्रपटात मराठी कलावंतांचा वाटा किती?

चित्रीकरण नोव्हेंबर १९८० ते मे १९८१ या काळात झाले. कस्तुरबांची भूमिका पुण्यात वाढलेल्या आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडलेल्या रोहिणी हट्टंगडी यांनी केली आणि त्यासाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा ‘बाफ्टा’ विभागून मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. दुसऱ्या चित्रीकरण पथकाची जबाबदारी गोविंद निहलानी यांच्याकडे होती. वेशभूषा केली ती कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी, ब्रिटनच्या जॉन मोलो यांच्या साथीने. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा गांधीजींचा प्रवास कपड्यांतूनही दिसायला हवा होता. ऑस्कर जिंकणाऱ्या अथैया या पहिल्या भारतीय ठरल्या. आपल्यामागे त्याचा सांभाळ नीट व्हावा, म्हणून २०१२मध्ये त्यांनी तो पुतळा अकादमीकडे परत सोपवला.

अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे प्रत्यक्ष अंत्ययात्रेच्या ३३व्या वर्षदिनी दिल्लीत चित्रित झाले. त्यासाठी सुमारे तीन लाख लोक जमले. त्यातील बहुतेक जण स्वयंस्फूर्तीने आले होते. संगणकावर गर्दी निर्माण करण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. पडद्यावर हे दृश्य जेमतेम दोन मिनिटे दिसते.

ऑस्करमध्ये काय घडले?

एप्रिल १९८३च्या सोहळ्यात ‘गांधी’ला ११ नामांकनांपैकी ८ पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता आणि पटकथा यांचा त्यात समावेश होता. स्पर्धेत होता स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ तो अधिक कल्पक चित्रपट असल्याचे ॲटनबरो यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

‘गांधी’वर आक्षेप कोणते?

सर्वांत गंभीर आक्षेप गाळलेल्या गोष्टींवर आहे. तीन तासांहून मोठ्या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर नाहीत, त्यामुळे पुणे करारही नाही. सुभाषचंद्र बोस नाहीत. जिना बरेचसे एकसुरी खलनायक वाटतात. चित्रपटाने गांधीजींना संत करून टाकले, त्यांच्यातील चतुर राजकारणी हरवला, अशी टीका सलमान रश्दी यांनी तेव्हाच केली होती. देव करू नका, हा नेहरूंचा सल्ला पूर्णपणे पाळला गेला नाही, असेच टीकाकारांचे म्हणणे.

ही टीका दुर्लक्षिण्याजोगी नाही. कारण जगातील असंख्य लोकांसाठी हा चित्रपट म्हणजेच भारताच्या स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास आहे. आंबेडकरांच्या बाजूने हा काळ पाहायचा तर जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ पाहावा लागतो. त्यात मोहन गोखले यांनी साकारलेले गांधीजी खूपच वेगळे आहेत. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहिले, तर एका चित्रपटाची चौकट किती गोष्टी बाहेर ठेवते, हे लक्षात येते.

‘गांधी’नंतरची कारकीर्द कशी होती?

चढउतारांची. ‘अ कोरस लाइन’ (१९८५) फसला. ‘क्राय फ्रीडम’ (१९८७) हा दक्षिण आफ्रिकेत पोलीस कोठडीत मरण आलेल्या स्टीव्ह बिको यांच्यावरील चित्रपट. वर्णद्वेषी राजवट असताना तो बनवणे हेच धाडस होते. १९८८मध्ये तो तिथे प्रदर्शित होताच पोलिसांनी प्रती जप्त केल्या. मात्र, बिकोंची गोष्ट अर्ध्यावर गोऱ्या पत्रकाराच्या पलायनाची होते, हा आक्षेप इथेही आला. ‘चॅप्लिन’मधील (१९९२) भूमिकेसाठी रॉबर्ट डाउनी ज्युनिअर यांना ऑस्कर नामांकन मिळाले. लेखक सी. एस. लुईस यांच्या उतारवयातील प्रेमावरील ‘शॅडोलँड्स’ (१९९३) हा भव्यता टाळणारा चित्रपट अनेकांना त्यांची सर्वांत परिपक्व कलाकृती वाटतो.

त्याच वर्षी ते बऱ्याच वर्षांनी अभिनयाकडे परतले. चित्रपट होता ‘ज्युरासिक पार्क’ आणि दिग्दर्शक होते ऑस्करमधील त्यांचे प्रतिस्पर्धी स्पीलबर्ग. डायनासोरचे उद्यान उभारणारे पांढऱ्या दाढीचे आजोबा, हीच आजच्या पिढीला त्यांची ओळख. २००४च्या त्सुनामीत थायलंडमध्ये त्यांनी मुलगी आणि नात गमावली. तरीही २००७मध्ये त्यांनी ‘क्लोजिंग द रिंग’ हा अखेरचा चित्रपट पूर्ण केला. २४ ऑगस्ट २०१४ रोजी, ९१व्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना त्यांचे निधन झाले.

या कारकीर्दीकडे कसे पाहायचे?

ॲटनबरो कॅमेऱ्याची नवी भाषा घडवणारे दिग्दर्शक नव्हते. त्यांची ताकद नटांत होती. स्वतः नट असल्याने समोरच्याला निर्धास्त कसे करायचे, हे त्यांना ठाऊक होते. अँथनी हॉपकिन्स यांनी त्यांच्याबरोबर पाच चित्रपट केले. किंग्जली, हट्टंगडी, डाउनी यांच्या कारकीर्दीतील ठळक कामे त्यांच्याच हाताखाली झाली. नायकावरील निखळ प्रेम ही त्यांची दुसरी ताकद आणि तीच त्यांची मर्यादाही. त्या प्रेमामुळे ते २० वर्षे टिकून राहिले आणि त्याच प्रेमामुळे नायकाला अडचणीचे ठरणारे प्रश्न चित्रपटाबाहेर राहिले. म्हणूनच ‘गांधी’ पाहताना दोन गोष्टी एकदम मान्य कराव्या लागतात. एवढा जीव ओतून हा चित्रपट त्या काळी दुसऱ्या कोणी केला नसता आणि गांधीजी समजून घेण्यासाठी केवळ हा चित्रपट पुरेसा नाही.