शेणखत टाकलं की झालं सेंद्रिय?

बारामती-इंदापूरकडे बचतगटाच्या बायकांनी गुंठाभर जागेत मिळून परसबाग करायची ठरवली, किंवा शाळेनं मागच्या भिंतीलगत वाफे आखले, की एक वाक्य हमखास कानावर येतं : "औषध मारायचं नाही, मग काम ते काय?" घोटाळा इथूनच सुरू होतो.

फवारणी सेंद्रिय भाजीलाही लागते. दहा लिटरच्या पंपासाठी अर्धा किलो सुकलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी फडक्यानं गाळायच्या, चिमूटभर साबणचुरा घालून पाणी पुरं करायचं आणि त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर मारायचं. शिळ्या अर्काला धार नसते. निंबोळ्या पडतात पावसाळ्याच्या तोंडाशी. तेव्हा वेचल्या नाहीत, तर वर्षभर दुकानातली बाटली आणावी लागते. काम कमी होत नाही, उलट वेळेला बांधलं जातं.

शेणखताचंही तसंच. उकिरड्यावरचं अर्धकच्चं शेण वाफ्यात गेलं, की त्याबरोबर हुमणी येते. ऊसवाल्यांना ती अळी नव्यानं सांगायला नको. चांगल्या कुजलेल्या शेणखतातसुद्धा नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर युरियात 46 टक्के. म्हणजे किलोभर युरियाच्या नत्रासाठी नव्वदेक किलो शेणखत हवं. अर्थात शेणखतानं माती भुसभुशीत होते, ओल धरते. ते युरियाच्या गोणीतून मिळत नाही. शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या जीवामृताला तर मी खत म्हणतच नाही, ते विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण लावायचं कशाला? आधी पालापाचोळा, मग जीवामृत.

आता या भागाचं खरं दुखणं. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला. पाणी आलं, मागून ऊस आला, आणि निचरा नसलेल्या काळ्या जमिनी फुटू लागल्या, म्हणजे खारवट होऊ लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी 1910 मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास मांडला होता. त्यामुळे 'सेंद्रिय केलं की जमीन आपोआप सुधारते' हे इथं तरी कुणी सांगू नये. पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी वाफ्यात पाणी तुंबलेलं, वाळल्यावर माती दगडासारखी, सामू 8.5 च्या वर : ही चोपण जमीन. तिच्यात सोडियम साचलेला असतो. आधी चर काढून निचरा, मग माती तपासून जिप्सम, त्यावर ताग किंवा धैंचा फुलोऱ्याआधी गाडायचा. खाणीतलं जिप्सम सेंद्रिय शेतीत चालतं, हे पुष्कळांना पटत नाही.

याच कारणानं मोरीचं सगळं पाणी परसबागेला सोडणंही बरं नाही. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला. कपड्यांच्या पावडरीत मात्र सोडियमच असतो. तो चोपण जमिनीला पाजणं म्हणजे आगीत तेल.

बियाण्याबद्दल थोडक्यात : संकरित बी सेंद्रिय बागेत चालतं, जनुकबदल केलेलं चालत नाही. फक्त संकरित वाणाचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी मूळ वाणासारखं उगवेलच असं नाही. गटाला बी एकमेकांत वाटायचं असेल, तर वाल, घेवडा, दोडक्याचे गावरान वाण धरावेत.

विकायचं म्हटलं की प्रमाणपत्राची धास्ती. ते महागच असतं असं नाही. पीजीएस म्हणजे सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. गटातलेच एकमेकांच्या शेताची पाहणी करतात. बागेतल्या कामाच्या पाळ्या जिथं नीट चालतात, तिथं हेही जमतं.

सुरुवात मातीच्या नमुन्यानं करा. बांध, उकिरडा आणि झाडाची सावली टाळून पाच-सहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'सारखे वीतभर खड्डे घ्या, बाजूची माती खरवडून एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन द्या. बियाण्याची पाकिटं अहवाल हातात आल्यावर घ्या.