अर्धा तास, एक युनिट

वॉशिंग मशीनच्या चकतीशेजारी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता आणि दुसरा ठिपका 'स्टार्ट'च्या बटणावर. पुण्यात कोथरूडला ओळखीच्या एका घरी मी ते पाहिले. चकती पहिल्या ठिपक्यापर्यंत फिरवायची, मग दुसरा ठिपका दाबायचा, अशी खूण घरकामाला येणाऱ्या मावशींसाठी करून ठेवलेली. पहिला ठिपका 'कॉटन ६०' या शब्दांपाशी होता. म्हणजे त्या घरातले रोजचे साधे कपडे साठ अंशांच्या गरम पाण्यात धुतले जात होते. गरम धुण्याला जी वीज लागते, तिचा मोठा वाटा पाणी तापवण्यातच खर्च होतो. मी मावशींना विचारलं, इथे काय लिहिलंय ते माहीत आहे का. त्या म्हणाल्या, "अजून नाही. पण आमच्याकडं याचाच क्लास सुरू झालाय. या की एकदा बघायला."

त्या वाक्यातला 'अजून' मला ऐकू येत राहिला, म्हणून गेले.

वस्तीतल्या समाजमंदिराचा हॉल. वेळ दुपारी अडीच ते चार, कारण सकाळची घरं दीडपर्यंत आटोपतात आणि संध्याकाळची साडेचारला सुरू होतात. या मधल्या वेळात जेवण, स्वतःच्या घरातलं झाडणं-पुसणं आणि जमलं तर पाठ टेकणं, एवढं सगळं बसवायचं असतं. त्यातून वेळ काढून या बायका सतरंजीवर येऊन बसतात. हॉलमध्ये शिरलं की पहिल्यांदा जाणवतो तो वास, फिनेलचा आणि भांड्यांच्या साबणाचा. हात कितीही धुतले तरी तो जात नाही, असं एकीने मला सांगितलं. तोच वास वह्यांच्या पानांनाही लागलेला आहे.

शिकवणाऱ्या बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका. त्यांनी अंकलिपीपासून सुरुवात केलेली नाही. त्यांचं पाठ्यपुस्तक म्हणजे बायकांच्या मोबाइलमधले फोटो. प्रत्येकीने आपण काम करतो त्या घरच्या एखाद्या यंत्राच्या बटणांचा फोटो मालकिणीला विचारून काढून आणायचा. बाई तो फळ्यावर मोठा करून उतरवतात आणि शब्द वाचायला लावतात. वॉश, रिन्स, स्पिन, ड्रेन. मग टेम्प, कोल्ड, हाफ लोड, इको. हजेरी, उजळणी, गृहपाठ हे सगळं शाळेत असतं तसंच.

माझी नजर वारंवार जायची ती तिसऱ्या ओळीत भिंतीला टेकून बसणाऱ्या एका मावशींकडे. वय पन्नाशीच्या पुढे. त्या अक्षरं ओळीत लिहीत नाहीत. आधी एक मोठं वर्तुळ काढतात, मग त्याच्या कडेने यंत्रावर ज्या जागी जो शब्द असेल तिथेच तो लिहितात, वर इंग्रजी आणि खाली मराठी अक्षरांत. त्यांच्या वहीत पाच घरांची पाच वर्तुळं आहेत. पेन इतकं घट्ट धरतात की मागच्या पानावर अक्षरं उमटतात.

त्या दिवशीचा धडा 'युनिट'चा होता. हा शब्द मात्र कुणालाच नवा नव्हता. महावितरणचं बिल मराठीत येतं आणि त्यातला पहिला टप्पा शंभर युनिटांपर्यंतचा असतो. शंभराच्या पुढच्या प्रत्येक युनिटला चढा दर लागतो, हे या बायकांना पाठ आहे. "शंभराच्या आत राहायचं," हे वाक्य हॉलच्या प्रत्येक कोपऱ्यातून आलं. महिनाअखेरीला मीटरचा आकडा बघून इस्त्री पुढे ढकलणाऱ्या या बायका. त्यांना काटकसरीचे धडे द्यायला जाणं म्हणजे उद्धटपणा झाला असता. बाईंनी तो केला नाही. त्यांनी फक्त वॅट या शब्दाची जोड दिली. यंत्रावर जो वॅटचा आकडा छापलेला असतो तो बघा. हजार वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट.

मग फळ्यावर हिशेब सुरू झाला. एका युनिटमध्ये नऊ वॅटचा एलईडी दिवा १११ तास जळतो, जुना साठ वॅटचा बल्ब मात्र सोळा-सतरा तासच. ७५ वॅटचा साधा पंखा तेरा तास फिरतो, तर ३० वॅटचा नव्या धर्तीचा बीएलडीसी पंखा तेहतीस तास. हजार वॅटची इस्त्री एक तास. आणि दोन हजार वॅटचा गिझर? बाई थांबल्या. भिंतीला टेकलेल्या मावशींनी उत्तर दिलं, "अर्धा तास. एक युनिट."

हॉलमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही. पंचवीस लिटरची टाकी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला साधारण एवढीच वीज लागते. मावशी शेजारणीला म्हणाल्या, "माझ्या तिसऱ्या घरी सकाळी सहाला लावलेला गिझर मी दहाला जाते तेव्हा चालूच असतो. मी भांडी गरम पाण्यानं घासत नाही. कुणीच वापरत नाही. टाकी गार होती, पुन्हा तापती." मग स्वतःशीच पुन्हा एकदा, "अर्धा तास, एक युनिट." पुढच्या तासाला इस्त्रीचा विषय निघाला, त्यानंतर कधी पाण्याच्या मोटरचा, तेव्हाही त्यांनी गिझरचंच माप लावलं. जगातली सगळी वीज त्या आता या एका आकड्याने मोजतात.

नुसते शब्द कळून भागत नाही, हेही याच हॉलमध्ये दिसलं. 'इको' हा शब्द शिकवून झाल्यावर एकीने हात वर केला. इको लावलं की मशीन फार वेळ घेतं, माझं त्या घरातलं काम पाऊण तासाचं, मग कपडे वाळत कोण घालणार? प्रश्न अगदी खरा होता. इकोमध्ये पाणी कमी तापवतात आणि त्याची भरपाई म्हणून कपडे जास्त वेळ फिरवतात. वीज वाचते, वेळ वाढतो, आणि वाढलेला वेळ कामवालीच्या पगारात धरलेला नसतो. बाईंनी इकोचा आग्रह तिथेच सोडला. "मग 'टेम्प'चं बटण शोधा आणि 'कोल्ड' आणा. प्रोग्रॅम तुमचा नेहमीचाच ठेवा, फक्त पाणी गार." रोजच्या कपड्यांना गार पाणी पुरतं. माझ्या मते त्या दुपारचा सगळ्यात मोलाचा शब्द 'कोल्ड' हाच होता.

दुसरी अडचण भीतीची. एका ताईंनी सांगितलं, मागे एका घरी चुकीचं बटण दाबलं गेलं, मशीन अडकलं आणि दुरुस्तीचे पैसे पगारातून कापले. तेव्हापासून ठिपक्याशिवाय दुसऱ्या बटणाला त्या हात लावत नाहीत. म्हणून बाई प्रत्येक शब्दाबरोबर विचारायचं वाक्यही घोकून घेतात. "ताई, कोल्डवर लावू का?" "वहिनी, फ्रिजचा नंबर कमी करू का?" फ्रिजच्या आतल्या चकतीवर आकडा जितका मोठा, तितका गारवा जास्त आणि वीजही जास्त, हे बऱ्याच घरांत मालकिणींनाही ठाऊक नसल्याचं या बायकांनी विचारल्यावर कळलं. टीव्ही रिमोटने बंद केला तरी लाल दिवा जळत असेल तर तो 'स्टँडबाय' आहे, थोडी वीज पीत आहे, हे पुसताना सगळ्यात आधी यांनाच दिसतं.

पाण्याच्या धड्याला बाईंनी हॉलबाहेरच्या गळक्या नळाखाली लिटरची रिकामी बाटली ठेवली. दीड तासाने तास संपला तेव्हा बाटली अर्धी भरलेली. दिवसाचे आठ लिटर, महिन्याचे दोनशे चाळीस, हिशेब बायकांनीच केला. शब्द दोनच, 'लीक' आणि 'वॉशर'. वॉशर काही रुपयांना मिळतो, पण तो बदलायला माणूस बोलवावा लागतो आणि तिथेच सगळं राहून जातं. मीरा रोडला लेखक आणि व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ पासून रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली, ते याच कारणाने. बाईंनी ती गोष्ट सांगितली तेव्हा एकीने लगेच विचारलं, "पाना कुठं मिळतो?" फ्लशच्या दोन बटणांपैकी लहान बटण कमी पाण्याचं, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या नळीतून वाहून जाणारं 'रिजेक्ट' पाणी फरशीला चालतं. हे दुसरं तर त्या आधीपासूनच बादलीत धरत होत्या. त्या पाण्याला इंग्रजीत काय म्हणतात, एवढंच नवीन होतं.

मी ज्यासाठी पुन्हा पुन्हा जात राहिले ते एके दिवशी घडलं. भिंतीजवळच्या मावशींनी जुना फ्रिज घ्यायचं ठरवलं होतं. दुकानातल्या दोन फ्रिजांचे फोटो त्यांनी आणले, दारावरच्या ताऱ्यांच्या लेबलाचे. हे लेबल ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या योजनेतलं, २००६ साली सुरू झालेलं. तारे किती, हे लांबूनही दिसतं. मावशींनी ताऱ्यांवर बोट ठेवलंच नाही. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळे जुन्या लेबलावरचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके नसतात, हे बाईंनी आदल्या तासाला सांगितलं होतं. मावशींनी फोटो मोठा केला आणि लेबलावरचा आकडा शोधला. "युनिट्स पर इयर," त्यांनी अडखळत वाचलं. एकावर २४०, दुसऱ्यावर ३६०. मग बोटांवर मोजलं. "हा महिन्याला वीस, हा तीस. माझी आत्ताच सत्तर होतात. तीसवाला घेतला तर काठावर. वीसवाला शंभराच्या आत."

वीसवाला पाचशे रुपयांनी महाग होता. त्यांनी तोच घेतला.

ऊर्जाबचतीवर आपल्याकडे बोललं खूप जातं. दर १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन होतो, शाळांत चित्रकलेच्या स्पर्धा होतात. पण शहरातल्या हजारो घरांत मशीन कोण लावतं, नळ कोण सोडतं, फ्लश कोण दाबतं, दिवे कोण मालवतं? ज्या हातांतून घरची वीज आणि पाणी जातं, त्या हातांना बटणांवर काय लिहिलंय हे आपण सांगितलेलं नाही. ठिपके लावून आपण त्यांना वाचण्यापासून लांबच ठेवलं. काटकसर त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते, कारण ती त्यांनी गरजेने केलेली आहे. कमतरता आहे ती दहा-पंधरा शब्दांची आणि बटण बदलायच्या परवानगीची.

हे दोन्ही देणं आपल्या हातात आहे. तुमच्या घरी कामाला मावशी येत असतील, तर उद्या त्यांच्याबरोबर दहा मिनिटं मशीनसमोर उभ्या राहा किंवा उभे राहा. एकेक शब्द मोठ्याने वाचा, त्यांना वाचू द्या. गार पाणी कुठे लावायचं ते दाखवा आणि स्पष्ट सांगा की बटण चुकलं तर पैसे कापले जाणार नाहीत. त्या दहा मिनिटांचे पैसेही त्यांच्या कामाच्या वेळेत धरा. आणि गिझर बंद करून मगच अंघोळीला जा.