तेहतीस चिंचोक्यांचे घर

आमच्या वर्गाने घरातल्या विजेवर एक खेळ तयार केला आहे. तो कसा खेळायचा आणि खेळून पाहताना तो तीनदा कसा फसला, ते मी सांगणार आहे.

आधी युनिट म्हणजे काय ते पाहू. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की मीटरवर एक युनिट पडते. वॅटचा आकडा बहुतेक वस्तूंवर लिहिलेला असतो. त्यावरून आम्ही हिशेब केला. एक युनिट संपायला लागणारा वेळ असा :

पाणी तापवायचा रॉड (१५०० वॅट) – ४० मिनिटे
पंखा (७५ वॅट) – १३ तास २० मिनिटे
जुना बल्ब (६० वॅट) – १६ तास ४० मिनिटे
एलईडी दिवा (९ वॅट) – सुमारे १११ तास

फळ्यावर हा तक्ता पाहून आम्ही गप्पच झालो. घरी आम्ही भावंडे दिव्याच्या बटणावरून भांडतो, आणि रॉड मात्र खुशाल चालू राहतो!

आता खेळ. एका घरात चौघे राहतात : आजी, आई, बाबा आणि मुलगी. वाटीत ३३ चिंचोके ठेवायचे. एक चिंचोका म्हणजे एक युनिट. तेहतीसच का? महावितरणच्या घरगुती बिलात महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, पुढे तो चढतो. महिन्याला शंभर, म्हणजे दहा दिवसांना सुमारे तेहतीस. पटावर दहा चौकोन आहेत, ते दहा दिवस. चौघांनी आळीपाळीने पत्ता टाकायचा आणि त्यावर लिहिलेले चिंचोके वाटीतून काढायचे. दहा दिवस वाटी पुरली तर सगळे जिंकले, नाही पुरली तर सगळे हरले. एकटा कुणी जिंकत नाही.

पहिल्यांदा सहावीची मुले खेळली. त्यांनी सगळे ‘बंद’चेच पत्ते टाकले आणि “जिंकलो, जिंकलो” म्हणून ओरडली. गुरुजी हसून म्हणाले, “अरे, पण आजी अंधारात बसली ना!” मग नियम केला : उजेड, वारा, आंघोळीचे पाणी आणि वाटण, या चार गोष्टी रोज झाल्याच पाहिजेत.

दुसऱ्यांदा खेळ बिघडवला तो मीच. मला हिशेब तोंडपाठ, म्हणून मी सगळ्यांना “हा टाक, तो नको” असे सांगत सुटले. आम्ही जिंकलो. पण माझ्या मैत्रिणीने पत्ते खाली ठेवले आणि म्हणाली, “तूच खेळ की मग एकटी!” मला फार वाईट वाटले. पण तिचे बरोबर होते. आता पत्ते झाकून धरायचे. सल्ला द्यावा, पण ज्याचा डाव त्याचाच शेवटचा शब्द.

तिसरी वेळ पालकसभेच्या दिवशीची. पाणी तापवायला चुलीचा एक पत्ता होता, त्याला शून्य चिंचोके. साहजिकच सगळे तोच टाकू लागले. माझी आई मागे उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, “चूल फुकट व्हय गं? सरपण कोण आणतं? धूर कुणाच्या डोळ्यांत जातो?”

मला उत्तर देता येईना. तो पत्ता मीच रंगवला होता. मोठे शून्यही मीच काढले होते.

त्या रविवारी मी आईबरोबर सरपणाला गेले. छोटीशीच मोळी, पण घरी येईस्तोवर मान भरून आली. आई तर हे नेहमीच करते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले आणि नियम बदलला : चुलीचा पत्ता टाकला की एकाने दोन डाव सरपणाला जायचे आणि त्याचे काम बाकीच्यांनी उचलायचे. जायची पाळीही चौघांत फिरते, एकट्या आईवर येत नाही.

आता खेळ अवघड झाला आहे. आम्ही पुष्कळदा हरतो, पण हरल्यावर कुठे चुकले ते चौघे मिळून शोधतो.

पट, पत्ते आणि चिंचोके या भित्तिपत्रकाखालच्या टेबलावर ठेवले आहेत. आईबाबांनी, आजीआजोबांनीही एक डाव खेळून पाहावा. चूक सापडली तर शेजारच्या कोऱ्या कागदावर लिहावी. आम्ही ती सुधारू.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी