तक्रारींची निरवानिरव

उबुंटू या मुक्त संगणक-प्रणालीच्या तक्रारवहीतली पहिली नोंद २००४ सालची, संस्थापक मार्क शटलवर्थ यांची: बाजारावर मायक्रोसॉफ्टचे वर्चस्व आहे! २०१३ मध्ये त्यांनीच ती बंद केली. इतर नोंदींना असा वाली क्वचितच मिळतो.

अशा वह्या का फुगतात, याचा मागोवा घेताना मला दिसले ते हे: तक्रार कोणीही नोंदवतो, पडताळणारे हात मात्र मोजके. एकच दोष दहा जण दहा तऱ्हांनी मांडतात. म्हणून आवरणारा आधी सारख्या नोंदी एकत्र करतो, मग नव्या आवृत्तीत दोष पुन्हा घडवून पाहतो. माहिती अपुरी असल्यास तक्रारदाराला विचारतो. उबुंटूच्या वहीत ‘अपूर्ण’ ठरलेली नोंद ६० दिवस उत्तराविना राहिली, तर आपोआप कालबाह्य होऊ शकते.

खरा पेच इथेच आहे. नेटस्केपचे जुने प्रोग्रामर जेमी झविन्स्की यांनी २००३ मध्ये ग्नोम प्रकल्पावर ठपका ठेवला: जुने सारे नव्याने लिहायचे आणि दोष न तपासताच तक्रारी सरसकट मिटवायच्या. मला तो पटतो. वही हलकी झाली म्हणजे दोष गेला असे नव्हे. ‘हे आम्ही करणार नाही’ असे कारणासह सांगून बंद केलेली नोंद निदान प्रामाणिक असते. मुकाट्याने मिटवलेली नोंद मात्र तक्रारदाराला एवढेच शिकवते, की पुन्हा लिहू नये.