कुजबुजीचं वाद्य

सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर विजापूर. गावात शिरण्याआधीच घुमट दिसायला लागतो. मुहम्मद आदिलशाह १६५६ साली वारला, त्याची ही कबर. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद जिना चढून सज्ज्यात पोहोचेपर्यंत वरचा गलका अंगावर यायला लागतो. शाळांच्या सहली, आरोळ्या, शिट्ट्या. सगळे गोलघुमटाला हाका मारतात, तो प्रत्येकाला सात-सातदा ओ देतो आणि कुणाचंच कुणाला कळत नाही.

ओ देण्यामागचं गणित सोपं आहे. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो, म्हणजे समोर आदळून परत यायला पाव सेकंदाहून थोडा कमी वेळ. एक-दशांश सेकंदाचं अंतर पडलं तरी कान दोन आवाज वेगळे ओळखतो. चुन्याचा गुळगुळीत, टणक गिलावा आवाज फारसा पीत नाही, म्हणून फेऱ्या चालूच राहतात.

पण या वास्तूचं खरं कसब कुजबुजीत आहे. भिंतीशी तोंड नेऊन हळूच बोललं, की समोरच्या टोकाला बसलेल्या माणसाला ते कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं. गाइड कागद फाडून, काडी ओढून हेच दाखवतात. लंडनच्या सेंट पॉल्सच्या घुमटातही असंच होतं. तिथे आवाज आरशातल्या उजेडासारखा समोरच्या बिंदूत गोळा होतो, असं खगोलशास्त्रज्ञ एअरी यांचं म्हणणं. लॉर्ड रॅली यांना ते पटेना, कारण कुजबुज समोरच नव्हे, तर भिंतीलगत कुठेही ऐकू येत होती. त्यांनी जस्ताचा पत्रा वाकवून छोटी भिंत केली. एका टोकाला बारीक शिट्टी, दुसऱ्या टोकाला आवाजाने थरथरणारी ज्योत. मध्ये पत्र्यालगत एक अरुंद पट्टी धरली आणि ज्योत शांत झाली. आवाज भिंतीला धरूनच सरपटत होता! पुढे १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन लंडनला गेले, तेव्हा त्यांनीही सेंट पॉल्समध्ये प्रयोग केले. भिंतीपासून आत सरकताना आवाज नुसता विरत जात नाही, कमी-जास्त होत जातो, असं त्यांना आढळलं.

लहरी जितक्या आखूड, तितक्या त्या भिंतीला चिकटून जातात. खर्जातल्या आवाजाची एकेक लहर तीन मीटरहून लांब. ती पसरते, अडथळ्याला वळसा घालते. शेजारच्या खोलीतलं बोलणं दारातून येतं तेव्हा घुमारा पोहोचतो, पण शब्द धूसर होतात, ते यामुळेच. कुजबुजीत हा खर्ज नसतोच. उरतात त्या बहुतेक काही सेंटिमीटरच्या लहरी.

तेव्हा सकाळी दार उघडताच जावं, गर्दीच्या आधी. जोडीदाराला पलीकडे बसवावं. आणि शब्दही नीट निवडावा: ‘राम’ नको, ‘खसखस’ म्हणावं.