कावीळ आणि काढा: ऐकीव काय, खरं काय

पाऊस लागला की औराद, भालकी, बसवकल्याणपासून आळंदपर्यंतच्या रानांत तुरी-सोयाबीनच्या ओळींतून भुईआवळा वर येतो. शेजारच्या कन्नड घरांत त्यालाच नेलनेल्ली म्हणतात. कुंपणावरची गुळवेल, त्यांची अमृतबळ्ळी, याच दिवसांत पालवते. आणि याच दिवसांत फुटक्या पाइपांतून नि उघड्या विहिरींतून घाण पाणी पिण्यात येतं आणि कावीळ फिरते. रोग आणि झाडपाला एकाच मोसमात हाताशी आल्यामुळे यकृतासाठी काढा हा आपल्या सीमाभागातला घरोघरचा उपाय झाला. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्याच्याभोवती जमलेल्या काही समजुती जिवावर बेततात.

गैरसमज: काढ्याने कावीळ हमखास उतरते.

वस्तुस्थिती: कावीळ हे लक्षण आहे. रक्तात बिलिरुबिन वाढलं की डोळे आणि लघवी पिवळी होते. ते वाढण्याची कारणं मात्र अनेक: हिपॅटायटिस ए, बी, सी, ई हे विषाणू, पित्तनळीत अडकलेला खडा, दारू, क्षयाची औषधं, कधी कर्करोगाची गाठ. पावसाळ्यात दिसणारी कावीळ बहुधा दूषित पाण्यातून आलेल्या ए किंवा ई विषाणूची असते. बहुतेकांच्या बाबतीत ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या आठवड्यांत जे काही घेतलं असेल त्याला यश मिळतं: काढ्याला, गळ्यातल्या माळेला, मंत्राला. खड्याची किंवा बी विषाणूची कावीळ असेल तर तेच आठवडे वाया जातात.

भुईआवळ्याचा अभ्यास झालेलाच नाही, असंही नाही. 1988 मध्ये मद्रासच्या डॉ. एस. पी. त्यागराजन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रयोग प्रसिद्ध केला. हिपॅटायटिस बीचा शोध लावून नोबेल मिळवणारे बारूख ब्लमबर्ग त्यात सहभागी होते. भुईआवळ्याची पूड घेतलेल्या 37 जणांपैकी 22 जणांच्या रक्तातून बी विषाणूची खूण नाहीशी झाली. औषध न घेतलेल्या 23 पैकी एकाच्याच. जगभर आशा निर्माण झाली. पण नंतरच्या चाचण्यांत तसा गुण आला नाही, आणि अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2011च्या कॉक्रेन आढाव्यालाही खात्रीलायक पुरावा सापडला नाही. आपल्याच मातीतल्या झाडाचा हा इतिहास अभिमानाने सांगावा, पण शेवटपर्यंत सांगावा.

गैरसमज: झाडपाला आहे, गुण आला नाही तरी अपाय नाही.

वस्तुस्थिती: करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. 2020च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. 2021 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: झाड नेमकं कोणतं होतं, हे तपासलेलंच नाही, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली अपायकारक असतात. पुढे देशातल्या 13 केंद्रांनी मिळून असेच 43 रुग्ण नोंदवले. माझ्या मते दोन्ही बाजूंकडून वाचकाने एकच गोष्ट घ्यावी. वेल चुकीची असली तरी इजा यकृतालाच होते, आणि आठवडी बाजारातल्या वाळलेल्या कांड्या पाहून वेल ओळखणं जाणकारालाही अवघड असतं. ज्यांना थायरॉइडचा किंवा तत्सम स्वयंप्रतिकार आजार आहे, त्यांनी गुळवेल मनाने घेऊ नये. रानातल्या भुईआवळ्याबाबत आणखी एक धोका आहे: आता तुरी-सोयाबीनवर तणनाशक आणि कीटकनाशक फवारलं जातं. फवारलेल्या रानातला पाला उकळल्याने विष जात नाही.

गैरसमज: रोज सकाळी अनशापोटी काढा घेतला की यकृत साफ होतं.

वस्तुस्थिती: यकृत स्वतःच रक्त साफ करणारा अवयव आहे. त्याला धुऊन काढणारा चहा किंवा काढा नाही. शिंदी किंवा दारू चालू ठेवून वर काढा घेणं ही शुद्ध फसवणूक आहे. यकृतावर चरबी साठली असेल, तर वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरवल्याने सूज कमी होते, हे सिद्ध झालेलं आहे.

गैरसमज: काविळीत हळद-तेल बंद, फक्त उसाचा रस.

वस्तुस्थिती: हळदीच्या पिवळेपणाचा काविळीशी संबंध नाही. आजारी यकृताला अन्न लागतं, म्हणून वरण-भात, ज्वारीची भाकरी, ताक, जमेल तेवढं खावं. रस्त्यावरच्या रसात टाकलेला बर्फ ज्या पाण्याचा असतो, त्यातूनच ए आणि ई विषाणू येऊ शकतात. पाणी उकळून प्यायलं तर हे दोन्ही विषाणू मरतात.

काढा घ्यायचाच असेल, तर आधी रक्त तपासा: बिलिरुबिन, एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी चाचणी), हिपॅटायटिस बी आणि सी. मग शिकलेल्या वैद्याकडून झाड ओळखून आणि मात्रा ठरवून घ्या. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही एक भाग औषधाला सोळा भाग पाणी घालून आठवा भाग उरेपर्यंत आटवावं, असं मोजमाप आहे. मूठभर पाला टाका, असं नाही. क्षयाच्या, फिटच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर काढ्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका.

तपासणीसाठी उदगीर, लातूर किंवा सोलापूर गाठायलाच हवं असं नाही. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधं मोफत आहेत. सी तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

गुंगी, असंबद्ध बोलणं, काळं शौच, सारखी उलटी, पोट फुगणं यातलं एक जरी लक्षण दिसलं तर काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर या लक्षणांचीही वाट पाहू नका. हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत झाला, तर पाचापैकी एखादीचा जीव जाऊ शकतो.