विश्लेषण : ज्वारीवरचा मावा ‘नवी’ प्रजाती कसा ठरला? नाव १९०४ सालचे, ओळख मात्र २०२१ ची!

रब्बी ज्वारी पोटरीतून बाहेर पडू लागली की अनेक गावांत एक तक्रार ऐकू येते, ‘चिकटा पडला’. पान उलटे करून पाहिले तर खालच्या बाजूला पिवळसर रंगाचे बारीक किडे दाटीवाटीने बसलेले असतात. हा मावा. कीटकशास्त्राच्या पुस्तकांत या माव्याची नोंद अनेक दशके ‘उसावरचा मावा’ अशीच होत आली. ऊस आणि ज्वारी या दोन्ही पिकांवर एकच कीड येते, असे मानले जात होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही समजूत खोडून काढली. हे दोन वेगळे मावे असून ज्वारीवरच्या माव्याला त्याचे १९०४ सालचे नाव परत द्यायला हवे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. किड्याचे नाव बदलल्याने शेतकऱ्याला काय फरक पडतो? याचे उत्तर टेक्सास आणि हैतीतल्या ज्वारीच्या शेतांत मिळते.

मावा पिकाचे नुकसान कसे करतो?

मावा हा जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचा, मऊ अंगाचा किडा. जगभरात त्याच्या पाच हजारांहून अधिक प्रजाती ज्ञात आहेत. सुईसारखी सोंड पानात खुपसून तो झाडाच्या अन्नवाहिनीतला रस शोषतो. या रसात साखर भरपूर असते, पण शरीर वाढवण्यासाठी लागणारी नत्रयुक्त द्रव्ये फारच कमी. त्यामुळे माव्याला खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर तो शरीरातून बाहेर टाकतो. हाच तो चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते, पानाला ऊन मिळत नाही आणि दाणा नीट भरत नाही. ज्वारीत नुकसान दाण्यावरच थांबत नाही. चिकट, काळा पडलेला कडबा जनावरे आवडीने खात नाहीत. जिरायती भागात कडब्याचा पैसा दाण्याच्या पैशाइतकाच महत्त्वाचा असतो, हे ज्वारी पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

माव्याची संख्या इतकी झपाट्याने का वाढते?

उबदार हवेत माव्याच्या माद्यांना नराची गरज नसते. त्या अंडी न घालता थेट पिल्लांनाच जन्म देतात आणि ती पिल्लेही माद्याच असतात. जन्मलेली पिल्ले साधारण आठवडाभरात स्वतः पिल्ले देऊ लागतात. त्यामुळे एका मादीचा सगळा वंश जनुकीयदृष्ट्या जवळपास तिची नक्कलच असतो. अशा वंशाला ‘क्लोन’ म्हणतात. पानावर गर्दी झाली की पंख असलेले मावे तयार होतात आणि वाऱ्यावर दूरच्या शेतांत पोहोचतात. म्हणजे एखादा क्लोन एका पिकाला चांगलाच मानवला, तर तो एकटा अख्खा प्रदेश व्यापू शकतो. पुढे नेमके तसेच घडले.

दोन नावे आली कुठून?

१८९७ मध्ये लिओ झेंटनर या शास्त्रज्ञाने जावा बेटावरच्या उसावर सापडलेल्या माव्याचे वर्णन केले. त्याला नाव मिळाले ‘सॅकरी’, म्हणजे ‘उसाचा’. या लॅटिन शब्दाचे मूळ शोधत गेले तर ते आपल्या ‘शर्करा’ शब्दापर्यंत येते. सात वर्षांनी, १९०४ मध्ये, फ्रेडरिक थिओबाल्ड या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने सुदानमधल्या ज्वारीवरच्या माव्याचे वर्णन केले आणि त्याला ‘सोर्घी’, म्हणजे ‘ज्वारीचा’ असे नाव दिले. आज हे दोन्ही मावे ‘मेलॅनाफिस’ या प्रजातिकुळात मोडतात.

पुढे अडचण अशी झाली की हे दोन मावे दिसायला जवळपास सारखे. दोघांचेही अंग फिकट पिवळसर किंवा राखाडी, पाय आणि मिशांची टोके काळपट, पाठीमागे दोन आखूड काळ्या नळ्या. विसाव्या शतकात बहुतेक तज्ज्ञांनी त्यांना एकच प्रजाती मानले. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. एकाच प्रजातीला दोन नावे दिली गेल्याचे ठरले, तर आधीचे नाव टिकते. ‘सॅकरी’ हे नाव सात वर्षे आधीचे, म्हणून ते राहिले आणि ‘सोर्घी’ फक्त जुन्या कागदांत उरले.

मग शंका कधी आली?

अमेरिकेतील फ्लोरिडात १९७७ मध्ये उसावर हा मावा नोंदवला गेला होता. १९९९ मध्ये तो लुइझियानातल्या उसावरही आढळला. इतकी वर्षे ज्वारीला त्याचा मोठा त्रास नव्हता. २०१३ मध्ये मात्र टेक्सासमध्ये तो ज्वारीवर प्रचंड संख्येने दिसला. त्याच वर्षी तो लुइझियाना, ओक्लाहोमा आणि मिसिसिपी या राज्यांत आणि मेक्सिकोतही पोहोचला. २०१५ च्या अखेरीस अमेरिकेतील १७ राज्यांत त्याची नोंद झाली होती. कणसे भरली नाहीत, पाने वाळली आणि चिकट्यामुळे कापणीची यंत्रे अडकून पडू लागली.

इतकी वर्षे उसावर गुमान राहिलेली कीड अचानक ज्वारीवर का तुटून पडली? जुन्याच माव्याने सवय बदलली की बाहेरून दुसराच मावा आला? रियुनियन बेटावरच्या संशोधकांना या बाबतीत एक धागा आधीच मिळाला होता. तिथे ऊस आणि ज्वारीवरच्या माव्यांचे क्लोन वेगळे निघाले होते. एका पिकावरचे मावे दुसऱ्या पिकावर सोडून पाहिल्यावर प्रत्येक क्लोन आपल्याच पिकावर अधिक चांगला वाढतो, असे दिसले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

डीएनए तपासणीत काय निघाले?

फ्रान्सच्या ‘सिराड’ या कृषी संशोधन संस्थेचे सॅम्युएल निबूश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या माव्यांचे नमुने तपासले. २०१८ च्या अहवालानुसार, अमेरिका खंडात २०१३ पूर्वी गोळा केलेले मावे एका जनुकीय गटातले होते आणि २०१३ नंतर ज्वारी फस्त करणारे दुसऱ्याच गटातले. म्हणजे जुन्या माव्याने सवय बदलली नव्हती. बाहेरून एक नवा क्लोन आला होता आणि तोच सगळीकडे पसरला होता. संशोधकांनी त्याला ‘सुपरक्लोन’ म्हटले.

२०२१ मध्ये याच गटाने डीएनएच्या जोडीला मोजपट्टी हाती घेतली. मावा वाळला की आक्रसतो, म्हणून तो अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि नंतर काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मिशा, पाय, शेपटी, नळ्या यांची लांबी मोजून त्यांचे परस्परांशी प्रमाण काढले जाते. नुसत्या डोळ्यांना सारखे वाटणारे मावे या मोजमापांत वेगळे पडले आणि ही विभागणी डीएनएच्या विभागणीशी जुळली. त्यावरून ‘मेलॅनाफिस सॅकरी’ आणि ‘मेलॅनाफिस सोर्घी’ या दोन स्वतंत्र प्रजाती आहेत आणि अमेरिकेतला सुपरक्लोन ‘सोर्घी’ आहे, असे मांडले गेले. नवे नाव शोधावे लागले नाही, कारण थिओबाल्ड यांनी ते ११७ वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते.

मग पिकावरूनच मावा ओळखता येईल का?

नाही, आणि गफलत इथेच होते. प्रजातीचे वर्णन करताना ती कोणत्या झाडावर सापडली हे लिहिणे माव्याच्या बाबतीत फार महत्त्वाचे असते, कारण अनेक मावे ठरावीक झाडांवरच जगतात. पण ऊस आणि ज्वारी ही दोन्ही गवतवर्गीय, जवळच्या नात्यातली पिके. अमेरिकेतला जुना मावा उसाबरोबर ज्वारीवरही सापडला होता. त्यामुळे झाडावरून अंदाज बांधता येतो, पण खात्री होत नाही. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरूनही या दोघांतला फरक सांगता येत नाही. त्यासाठी नमुनाच लागतो.

शिवाय ज्वारीवर आणखीही एक मावा येतो. मक्यावरचा निळसर हिरवा मावा पोंग्यात बसतो, तर पिवळसर मावा बहुतेक वेळा खालच्या पानांच्या मागच्या बाजूने सुरुवात करतो. ही खूण मात्र शेतातही उपयोगी पडते.

लोकरी मावा तो हाच का?

नाही. उसावरचा लोकरी मावा ही तिसरीच कीड. त्याच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे लोकरीसारखे धागे असतात. योगायोग असा की जावातल्या उसावरून त्याचेही वर्णन झेंटनर यांनी १८९७ मध्येच केले होते. भारतात पश्चिम बंगालमध्ये १९५८ मध्ये त्याची नोंद झाली आणि ईशान्येकडेही तो माहीत होता. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात तो दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या ऊस पट्ट्यात पसरला.

योग्य ओळख पटली की काय साधते, हे या प्रकरणात दिसले. कीड कोणती आणि आधी ती कुठे होती हे कळल्यावर तिच्या शत्रूंचा शोध सोपा झाला. डिफा ही मावा खाणारी अळी आणि मायक्रोमस हा भक्षक कीटक वाढवून उसात सोडण्यात आला. एन्कार्सिया ही माव्याच्या शरीरात वाढणारी सूक्ष्म गांधीलमाशी आसामातून आणून दक्षिणेत सोडली गेली आणि ती इथे रुजलीही. नुसत्या फवारणीवर विसंबून उंच उसात जे जमले नसते, ते या मित्रकीटकांनी केले.

नावाचा पैशाशी आणि पोटाशी संबंध काय?

हैतीत ज्वारी हे कोरडवाहू जमिनीवरच्या छोट्या शेतकऱ्यांचे अन्न. नवा मावा तिथे पोहोचल्यावर हे पीक धोक्यात आले. त्याच वेळी तिथल्या एका पैदास कार्यक्रमातल्या ज्वारीने माव्याला दाद दिली नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात त्याचे कारण प्रसिद्ध झाले. हैतीतले २९६ आणि जगभरातले ७६७ नमुने तुलनेसाठी घेतले होते. ‘आरएमईएस-१’ या जागेवरचे पूर्व आफ्रिकी ज्वारीतले एक दुर्मीळ रूप हे संरक्षण देत असल्याचे त्यातून दिसले. देशोदेशींच्या बियाण्यांच्या देवाणघेवाणीतून ते हैतीपर्यंत आले होते.

पैदासकाराला इथे माव्याच्या ओळखीची गरज पडते. एखादा वाण ‘माव्याला प्रतिकारक’ आहे असे म्हणताना तो कोणत्या माव्यापुढे तपासला, हे ठाऊक असावे लागते. एका प्रजातीपुढे टिकलेला वाण दुसरीपुढे टिकेलच असे नाही. जुन्या अहवालांत दोन्ही मावे एकाच नावाखाली असतील, तर त्यातले कोणते निष्कर्ष आपल्याला लागू पडतात हेच कळत नाही. आयात बियाणे आणि रोपांची तपासणी करणाऱ्या यंत्रणेलाही हाच प्रश्न पडतो. ‘हा मावा आमच्याकडे आधीपासून आहे’ असे यादीवरून वाटते आणि वेगळी प्रजाती त्याच नावाखाली आत येऊ शकते.

महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी ओलाव्यावर येते. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी आजही भाकरी आणि कडबा या दोन्हींसाठी मागितली जाते. ढगाळ हवेत या पिकावर मावा वाढतो. आपल्या शिवारातला मावा दोन प्रजातींपैकी नेमका कोणता, हे तिथल्या नमुन्याची तपासणी करूनच सांगता येईल. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेत जगभरातल्या ज्वारी वाणांचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहातून प्रतिकारक वाण निवडतानाही माव्याची ओळख आधी लागते.

शेतकऱ्याने काय करावे?

आठवड्यातून एकदा शेतात फिरून खालची पाने उलटून पाहावीत. ढालकिडे, क्रायसोपा किंवा सिरफिड माशीच्या अळ्या दिसत असतील तर घाईने फवारणी करू नये. मावा खाणारे हे कीटक फवारणीत आधी मरतात आणि मावा पुन्हा उसळतो. औषध आणि त्याची मात्रा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसारच ठरवावी.

मावा नेहमीपेक्षा खूप जास्त दिसला किंवा नेहमी टिकणारा वाण बळी पडला, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवावे. नमुना द्यायचा असेल तर पानाच्या तुकड्यासह काही किडे अल्कोहोल घातलेल्या छोट्या बाटलीत ठेवावेत. बाटलीवर गाव, तारीख, पीक आणि वाण लिहायला विसरू नये. ‘ज्वारी’ हा एवढा एक शब्द १९०४ च्या नोंदीत होता, म्हणून आज त्या माव्याला त्याचे नाव परत देता आले.